बल्ब उपाशी आहे : जुन्या जिप्सीला हेडलाईट रिले टाकताना

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. 1999 ची जिप्सी, आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला महिन्यातून दोन-तीनदा रात्रीचं जाणं, आणि हेडलाईट म्हणजे तुमच्याच शब्दात "पणती". एकाने सांगितलं 100/90 वॅटचे बल्ब टाक, दुसऱ्याने एलईडी, तिसरा म्हणतोय रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किट टाक, आणि तुमचा सवाल असा की बल्ब तोच राहणार असेल तर रिलेने उजेड वाढणार कुठून, ही दुकानदाराची कमाई तर नाही ना.

उजेड वाढतो. मी उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करतो, पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि जुन्या गाडीला कमीत कमी पैशात जास्तीत जास्त फरक दाखवणारं काम कुठलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. पण प्रत्येक गाडीला वाढतोच असं नाही, आणि किट आणून नुसतं खुपसलं की झालं असंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

तुमच्या गाडीत एच-4 बल्ब आहे, 60/55 वॅटचा, म्हणजे अप्परला 60 आणि डिप्परला 55. ह्या बल्बचा उजेड मोजायचं जे स्टँडर्ड आहे त्यात बल्बला 13.2 व्होल्ट देतात, आणि तेवढ्यावर तो अप्परला साधारण 1650 ल्युमेन (उजेडाचं माप) आणि डिप्परला 1000 ल्युमेन देतो. आता गंमत अशी की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड दहा टक्के कमी होत नाही, तो जवळजवळ तीस टक्के पडतो. फिलामेंटचं असंच असतं, जरा थंड पडलं की पांढरा उजेड पिवळा होतो, पिवळ्याचा लाल होतो, आणि उजेड घसरतो तो घाटात ब्रेक नसलेल्या ट्रकसारखा. तुमचा उजेड "पिवळट" आहे असं तुम्ही लिहिलंय ना, तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. बल्ब बाद नाही, बल्ब उपाशी आहे.

उपाशी का, तर जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या त्या दांडीच्या स्विचमधून फिरून येतो. बॅटरी बोनेटखाली, बल्ब बोनेटखाली, दोघांत हातभर अंतर, पण करंट मात्र पुढून निघून आत फ्यूज बॉक्स, लाईटचा स्विच, अप्पर-डिप्पर असा गावभर हिंडतो. वायर पेन्सिलीच्या शिशासारखी बारीक, त्यात पंचवीस वर्षांचे कपलर, म्हणजे वायर जोडायचे सॉकेट, काळे पडलेले, स्विचमधले कॉन्टॅक्ट झिजलेले. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. दोन डिप्पर मिळून साधारण 10 अँपिअर घेतात, आणि 10 अँपिअरला वाटेत फक्त 0.2 ओहमचा अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथेच गेले. 0.2 ओहम म्हणजे काहीच नाही हो, दोन सडके कपलर आणि एक थकलेला स्विच झाला की पुरे.

रिले काय करतो, तर हा मोठा करंट त्या गावभरच्या फेरीतून काढतो आणि बॅटरीतून जाड वायरने सरळ बल्बला पोचवतो. स्विचकडे फक्त रिलेची कॉईल ओढायचं काम राहतं, त्याला 0.2 अँपिअरच्या आतबाहेर लागतात. स्विचचंही आयुष्य वाढतं, आणि जिप्सीचा चांगला ओरिजिनल स्विच हल्ली मिळवायला किती फिरावं लागतं हे जिप्सीवाल्यांना मी सांगायला नको.

पण थांबा, लगेच बाजारात जाऊ नका. आधी मीटर लावा. डिजिटल मल्टिमीटर साधा असला तरी चालेल. गाडी चालू करा, ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला कोणालातरी बसवा, डिप्पर लावा, आणि पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर घ्या. 13.8 ते 14.4 च्या मध्ये यायला पाहिजे. इथेच 12.5 दिसत असेल तर तुमचा विषय हेडलाईटचा नाहीच, अल्टरनेटरचा आहे, नाहीतर त्याचा बेल्ट सैल आहे, ते आधी बघा. आणि उलट 14.8 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो तसाच ठेवून रिले टाकला तर बल्ब महिन्याला एक खाईल. दुसरं रीडिंग बल्बच्या मागच्या पिनांवर, होल्डर बल्बला लावलेलाच ठेवून मागून सुईसारखी पिन घालून. हे महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण होल्डर काढतात, मोकळ्या होल्डरमध्ये मीटर घालतात, 13.8 बघतात आणि म्हणतात लाईन तर फुल्ल येतेय. अहो करंटच वाहत नाही तर व्होल्टेजचा ड्रॉप, म्हणजे गळती, दिसणार कशी, नळ बंद असताना पाईप चोंदलाय का ते कळतं का? लोड चालू पाहिजे, म्हणजे बल्ब पेटलेला पाहिजे.

ह्या दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तुमचं वायरिंग ठीक आहे, रिलेवर पैसे घालू नका, मंद उजेडाचं मूळ दुसरीकडे आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर काम करण्यासारखं आहे. मागच्या पावसाळ्याआधी माझ्याकडे तुमच्यासारखीच एक जिप्सी आली होती, बॅटरीवर 13.9 आणि बल्बवर 11.8. म्हणजे 2.1 व्होल्ट वाटेत खल्लास, आणि उजेड फुल्ल व्होल्टेजला असता त्याच्या साठ टक्केसुद्धा नाही. काम झाल्यावर त्याच बल्बवर 13.6 आले. तेच बल्ब, तीच काच, उजेड दीडपटीच्या वर. मालक म्हणाला बल्ब बदलला काय हो, मी म्हटलं धुळीसकट तोच आहे, बघा.

आता त्या 100/90 वाल्याचं बघू. ह्याच गाडीत ते बल्ब टाकले असते तर काय झालं असतं? दोघांनी मिळून डिप्परला 14 अँपिअर तरी मागितले असते, अडथळा तोच, म्हणजे ड्रॉप 2.1 चा जवळजवळ 3 व्होल्ट. उजेड थोडा वाढतो, नाही असं नाही, पण वाटेत वाया जाणारी उष्णता वीसेक वॅटची चाळीस वॅट होते, आणि ती सगळी वायरवर सारखी पसरत नाही, जिथे कॉन्टॅक्ट सर्वात खराब तिथे सर्वात जास्त तापते, म्हणजे स्विचमध्ये आणि होल्डरमध्ये. मी शिकत होतो तेव्हा एका जीपला असे बल्ब आम्हीच बसवून दिले होते, उस्ताद नको म्हणत असताना, गिऱ्हाईक ऐकेना आणि मलाही हौस. पंधरा दिवसांनी मालक आला तो वितळलेला होल्डर हातात घेऊन, रात्री वळणावर दोन्ही लाईट एकदम गेल्या होत्या, नशीब समोरून कोणी नव्हतं. तेव्हापासून माझ्या दुकानात हा बल्ब लावत नाही, जाड वायर आणि रिले असले तरी नाही. एकतर रिफ्लेक्टर आणि काच ह्या उष्णतेसाठी केलेली नसते, चांदी काळी पडते. दुसरं म्हणजे समोरच्याचे डोळे. आणि तिसरं, कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळं काही गाडीत केलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच होऊन गेली म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागणार. रिले टाकून 60/55 चाच बल्ब ठेवला की तुम्ही बल्बला त्याच्या हक्काचं तेवढं देताय, जास्त काही नाही.

एलईडीबद्दल थोडक्यात. एच-4 मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, उजेड फक्त वरच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर पडावा म्हणून, त्यामुळेच भिंतीवर उजेड-अंधाराची कडक रेघ दिसते. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब त्या फिलामेंटच्या जागेवर आहे, एखाद मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी रेघ विस्कटते. एलईडी बल्बमध्ये चिप दोन बाजूंना, त्याची जाडी वेगळी, मग उजेड झाडावर, आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात. तुम्हाला गाडीपुढे वीस फूट झगझगीत दिसतं म्हणून वाटतं लय उजेड झाला, पण लांब शंभर मीटरवर काही नसतं, उलट जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं आणखीच दिसेना होतं. सगळेच वाईट असतात असं नाही म्हणत, पण जुन्या रिफ्लेक्टरला बसेल असा चांगला मला तरी हाताला लागलेला नाही. अख्खी सात इंची एलईडी हेडलाईट मिळते ती वेगळी गोष्ट, त्यातल्या स्वस्तातल्या कशा असतात ते समोरून आलेल्या थारवाल्याकडे बघून कळतंच.

आता मुद्द्याचं काम, आणि इथे जिप्सीची एक खोड आहे जी माहिती नसल्यामुळे भले भले वायरमन दुपारभर डोकं खाजवत बसतात. आपल्याला सवय अशी की बल्बची एक पिन कायम बॉडीला अर्थ, म्हणजे मायनसला जोडलेली, आणि स्विचमधून प्लस येतो. जिप्सीत, म्हणजे सुझुकीच्या त्या जुन्या डिझाइनमध्ये, उलटं असतं. बल्बच्या कॉमन, म्हणजे दोन्ही फिलामेंटना सामाईक असलेल्या, पिनवर फ्यूजमधून प्लस येतो आणि अप्पर-डिप्परचा स्विच मायनस जोडतो. म्हणजे करंट आधी बल्बमधून जातो, मग परत आत स्टिअरिंगपर्यंत, आणि तिथे अर्थ. बाजारातलं तयार किट बहुतेक पहिल्या प्रकाराला धरून केलेलं असतं, ते जसंच्या तसं लावलं तर लाईटच लागत नाही, नाहीतर अप्पर-डिप्पर दोन्ही मंद पेटतात, आणि मग किट खराब म्हणून परत. वायरच्या रंगावर तर बिलकुल जाऊ नका, पंचवीस वर्षांत किती जणांनी हात घातलाय कोणाला माहीत. टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, डिप्पर लावून कुठल्या पिनवर पेटतो बघा, मग अप्पर लावून बघा. बल्ब काढलेला असताना दोन्ही वेळा एकाच पिनवर पेटला तर ती कॉमन प्लस, गाडी मायनस स्विचिंगची. वेगवेगळ्या पिनांवर पेटला तर आपली नेहमीची पद्धत.

ह्यावर एक सोपी युक्ती सांगतो. रिलेच्या कॉईलची दोन टोकं, म्हणजे 85 आणि 86 नंबरच्या पिना, ती ना बॉडीला लावायची ना बॅटरीला. एका बाजूचा ओरिजिनल होल्डर मोकळा करायचा, आणि डिप्परच्या रिलेची कॉईल त्या होल्डरच्या कॉमन आणि डिप्पर पिनांमध्ये जोडायची, अप्परच्या रिलेची कॉईल कॉमन आणि अप्पर पिनांमध्ये. झालं. जुन्या वायरिंगला वाटतं बल्बच लावलाय. प्लस स्विचिंग असो की मायनस, कॉईलला फरक पडत नाही, तिला फक्त दोन टोकांत 12 व्होल्ट पाहिजेत. फक्त एक बघा, काही रिलेंमध्ये कॉईलला आतून डायोड असतो, वरती छापलेल्या चित्रात बाणासारखी खूण दिसते, त्यांना मात्र 86 ला प्लस आणि 85 ला मायनस असंच लागतं. साधा बिनडायोडचा चार पिनांचा 12 व्होल्ट 30 अँपिअरचा रिले घ्या, डोक्याला ताप नाही. पाच पिनांचा हातात आला तर मधली पिन 87ए आहे का बघा, ती रिले बंद असताना चालू असते, चुकून बल्ब तिच्यावर गेला तर गाडी उभी करून चावी काढली तरी हेडलाईट चालू, आणि सकाळी गाडीला धक्का.

ह्या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, जुनं वायरिंग कुठेच कापायचं नाही. उद्या घाटात रिले गेला तर जुना होल्डर काढून सरळ बल्बला लावायचा, पणती का होईना पेटेल आणि घरी याल. म्हणून दुसऱ्या बाजूचा मोकळा राहिलेला होल्डरसुद्धा कापू नका, प्लॅस्टिकची पिशवी आणि टेप गुंडाळून मागे बांधून ठेवा.

आता पॉवरची बाजू. बॅटरीच्या प्लसवर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायचा धातूचा तुकडा) लावून दोन वायरी काढा, 2.5 स्क्वेअर एमएमच्या, प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज, 20 अँपिअरचा, एक डिप्परचा आणि एक अप्परचा. दोन वेगळे ह्यासाठी की एक उडाला तर दुसऱ्यावर गाडी चालवता येते. फ्यूज बॅटरीपासून वितभर अंतराच्या आत पाहिजे, रिलेजवळ नको. ह्यात लोक चुकतात. फ्यूज बल्बच्या रक्षणासाठी नसतो, वायरच्या रक्षणासाठी असतो, आणि बॅटरी ते फ्यूज ह्या मधल्या वायरीला कोणीच वाली नसतो, ती कुठे पत्र्याला घासली की आग. फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, आणि 87 नंबरच्या पिनेतून दोन्ही बल्बना. 2.5 ची वायर दीड मीटर लांब धरली तर 10 अँपिअरला ड्रॉप एक दशांश व्होल्टच्या आसपास, म्हणजे काहीच नाही.

आणि अर्थ. ह्याला मी निम्मं काम म्हणतो आणि नव्वद टक्के लोक इथे आळस करतात. प्लस जाड वायरने आणला आणि मायनस मात्र बोनेटच्या गंजलेल्या पट्टीला एका स्क्रूने जोडला तर तुम्ही हायवे बांधून शेवटी पाऊलवाट ठेवलीत. आपण नवीन जोडणी करताना बल्बची कॉमन पिन आता मायनस धरणार आहोत, तर दोन्ही बल्बकडून तेवढ्याच जाडीची, 2.5 ची, वायर थेट बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिनच्या ब्लॉकला आणा. बॉडीलाच लावायची असेल तर रंग खरवडून चमकता पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. जिप्सीचा पत्रा आणि आंबोलीचा पाऊस, गंज येणारच आहे, म्हणून मी बॉडीवर विश्वास ठेवत नाही.

ओरिजिनल होल्डर बल्बला आता लागत नाहीत, त्याच्या जागी नवे सिरॅमिक होल्डर घ्या. पिन पक्की बसली पाहिजे, सहज निघाली तर तो होल्डर परत करा, सैल पिन म्हणजे पुन्हा तापणं आणि पुन्हा ड्रॉप. कुठली पिन कशाची हे बल्ब टेबलावर घेऊन बॅटरीने तपासून घ्या, दोन पिनांना लावून कुठलं फिलामेंट पेटतं ते बघायचं, वाटी असलेलं ते डिप्पर. काचेला हात लावू नका, लागला तर स्पिरिटने पुसा, बोटाच्या तेलाचा डाग तापून बल्ब लवकर जातो.

तयार किट घ्यायचं की स्वतः बनवायचं? किटात वाईट काही नाही पण वायर कापून बघा. वरून बोटासारखी जाड आणि आत चार केस, तेही कधी कधी तांबं नाही, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. पात्याने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. अशा किटातले रिले आणि होल्डर ठेवायचे, वायर फेकायची. मी तर रिलेचे बेस, फ्यूज होल्डर आणि वायर सुटीच आणतो, दोन तासांचं काम आहे. जोड मारताना थिंबल चांगल्या क्रिंपिंगच्या पक्कडने दाबा, दाताने किंवा साध्या पक्कडने चेपलेलं चालणार नाही, ओढून बघितल्यावर निघता कामा नये. वरून हीट श्रिंक स्लीव्ह. डाग मारण्याबद्दल, म्हणजे सोल्डर करण्याबद्दल, आमच्यात दोन पक्ष आहेत, माझं म्हणणं असं की नुसत्या डागावर भरवसा ठेवू नका, गाडीच्या थरथरीने वायर बरोबर डाग संपतो तिथेच तुटते. शेवटी सगळं फ्लेक्सिबल पाईपमध्ये घालून ओरिजिनल वायरिंगबरोबर बांधा, फॅनपासून आणि सायलेन्सरच्या पाईपपासून लांब.

रिले बसवायची जागा उंच पाहिजे आणि त्याच्या पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी आत न थांबता गळून जातं. वायर रिलेला येताना खाली झोळ देऊन वर आणा, पाणी झोळावरून ठिबकतं. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण गाडी धुताना बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि पावसाळ्यात मला त्यांच्यामुळेच काम मिळतं. सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा हे सांगायला नको, तरी सांगतो.

काम झालं की पुन्हा तीच रीडिंग, बॅटरीवर आणि बल्बवर, लोड चालू ठेवून. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला पाहिजे, चांगलं काम झालं तर 0.3 येतो. नाही आला तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या प्लस पिनवर, मग एक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या मायनस पिनवर, जिथे आकडा मोठा तिथे चोर. बल्बचं आयुष्य मात्र थोडं कमी होणार, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की आयुष्य अंदाजे निम्मं होतं. इतकी वर्षं तुमचा बल्ब उपाशी राहून म्हातारा झाला, आता पोटभर खाऊन लवकर जाईल. चांगल्या कंपनीचा साधा 60/55 घ्या, "एक्स्ट्रा व्हाईट" निळी काच नको, ती काच उजेड गाळते, वाढवत नाही, आणि ओल्या डांबरावर तर काहीच दिसत नाही.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती, आता लिहितो. मीटर लावण्याच्याही आधी दिवसा काचेतून आत बघा. रिफ्लेक्टरची चांदी उडालीय, धुरकट झालाय, आत पाणी साचून डाग पडलेत, असं असेल तर वायरिंग सोन्याचं केलं तरी उपयोग नाही. तुमच्या जिप्सीचं नशीब असं की दिवे सात इंची गोल आहेत, हे माप जुन्या जीपलाही आणि बुलेटलाही चालत आलंय त्यामुळे काच-रिफ्लेक्टरचा नवा सेट सहज मिळतो. मात्र ऑनलाईन मागवताना डाव्या बाजूने चालणाऱ्या देशाचा आहे का बघा. डिप्परची रेघ डावीकडे वर चढलेली असते, रस्त्याच्या कडेचा दगड, माणूस, गुरं दिसावीत म्हणून. युरोप-अमेरिकेच्या सेटमध्ये ती उजवीकडे चढते, म्हणजे बरोबर समोरच्याच्या डोळ्यात. नवीन प्लॅस्टिक काचेच्या गाडीवाल्यांनी, वॅगन आर, अल्टो वगैरे, आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून बघावी, त्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. आणि ज्यांच्या गाडीत लाईट कॉम्प्युटरवरून चालते त्यांनी हे माझं वाचून वायर कापू नका.

उजेड वाढला की फोकस सेट करणं आलंच. सपाट जागा, भिंतीपासून 7.5 मीटर म्हणजे पंचवीस फूट, गाडीत नेहमीइतकं वजन, टायरमध्ये हवा बरोबर. आधी गाडी भिंतीला टेकवून दिव्याच्या मध्याची उंची खडूने आखा, मग मागे घ्या आणि डिप्पर लावा. रेघ त्या खुणेच्या साडेसात सेंटिमीटर खाली यायला पाहिजे. जिप्सी मुळातच उंच, त्यात तुम्ही मोठे टायर घातलेत असं लिहिलंय, म्हणजे तुमचा डिप्पर आज बहुतेक सगळ्यांच्या आरशात जात असणार, पणती होती म्हणून कोणी बोललं नाही. आता बोलतील.

धुक्याचं मात्र आधीच सांगतो, ह्या कामाने आंबोलीतलं धुकं फाटणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर धबधब्यापाशी जे उतरतं त्यात जितका उजेड मारू तितकी पांढरी भिंत जवळ येते. तिथे डिप्पर, काच खाली, वायपर चालू आणि डावीकडची कडेची रेघ धरून दुसऱ्या गिअरवर चालायचं, त्याला रिले नाही. रिलेचा उपयोग तुम्हाला खरा होईल तो आजरा ते आंबोली ह्या पट्ट्यात, जिथे रस्ता मोकळा असतो आणि रानातून गवे आडवे येतात. काळं जनावर, काळा रस्ता, डोळे सुद्धा चमकत नाहीत पटकन.

मीटर लावून आकडे कळवा, बॅटरीवर किती आणि बल्बवर किती, म्हणजे पुढचं सांगतो. आणि काम करायचं ठरलंच तर डॅशबोर्डच्या खणात एक जादाचा रिले आणि 20 चे दोन फ्यूज टाकून ठेवा, सोबत टॉर्चही ठेवा, कारण फ्यूज उडतो तेव्हा तो शोधायलाच उजेड नसतो.